गोरुटीन लीक पकडणारी टेस्ट: तयारीपासून सीआयपर्यंत

गोरुटीन म्हणजे गो भाषेत बाकीच्या कोडबरोबर एकाच वेळी चालणारं हलकं काम. ते कधीच न संपता अडकून राहिलं की त्याला गोरुटीन लीक म्हणतात. गोतल्या सर्व्हिसच्या कोडमध्ये अशा लीकसाठी एक ठरावीक टेस्ट पुन्हा पुन्हा दिसते. सुरुवातीला रनटाइमच्या नमगोरुटीनने चालू गोरुटीन्सचा आकडा घ्यायचा, फंक्शन चालवायचं, शंभर मिलिसेकंद स्लीप करायचं, परत आकडा घ्यायचा, आणि दोन्ही सारखे आले की पास. ही टेस्ट दोन्हीकडून फसते. सीआयचं (प्रत्येक बदलानंतर टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेचं) मशीन दमलेलं असलं की लीक नसतानाही ती लाल, म्हणजे फेल होते. खरा लीक असला तरी नेमक्या त्याच वेळी दुसरं एखादं गोरुटीन संपलं, तर ती हिरवीच राहते. शिवाय ती बहुतेक वेळा सगळं सुरळीत चालल्यावर काय होतं तेवढंच तपासते, आणि लीक तर टाइमआउट, एरर आणि कॅन्सलच्या वाटेवर होतात.

आकडा मोजण्यापेक्षा मागे कोण उरलं आणि कुठे अडकलं हे टेस्टने सांगायला हवं. त्यासाठीचे टप्पे खाली आहेत. क्रम बदलू नका, कारण जवळजवळ प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यावर उभा आहे.

## तयारी

उदाहरण म्हणून एकच फंक्शन शेवटपर्यंत वापरू. त्याचं नाव पहिलादर. ते तीन पुरवठादारांच्या सर्व्हरना एकाच वेळी दर विचारतं, सगळ्यात आधी आलेलं उत्तर परत देतं आणि दोन सेकंदांत कुणीच बोललं नाही तर एरर देतं. आत तीन गोरुटीन्स आणि एक बफर नसलेलं चॅनल आहे. चॅनल म्हणजे गोरुटीन्समधली देवाणघेवाणीची नळी; बफर नसला की घेणारा येईपर्यंत पाठवणारा थांबून राहतो. असा कोड तुमच्याकडेही कुठेतरी असेलच.

पहिलं उत्तर येताच फंक्शन परत जातं. उरलेली दोन गोरुटीन्स आपापलं उत्तर चॅनलवर पाठवायला जातात, पण घ्यायला कुणीच उरलेलं नसतं. ती तिथेच कायमची थांबतात. गार्बेज कलेक्टर (न लागणारी मेमरी परत घेणारी यंत्रणा) त्यांना उचलत नाही, कारण अडकलेल्या गोरुटीनचा स्टॅक (चालू फंक्शन्सची मेमरी) त्याच्या दृष्टीने जिवंतच असतो आणि त्या स्टॅकवरून पोचता येणारी प्रत्येक वस्तूही. गोरुटीनचा स्टॅक सुरुवातीला साधारण 2 केबीचा असतो, त्यामुळे पहिल्या दिवशी कुणाच्या लक्षातही येत नाही. मेमरी खरी खातात ती त्या स्टॅकने धरून ठेवलेली रिस्पॉन्स, बफर आणि कनेक्शन्स.

टेस्ट लिहायला बसण्याआधी इतकं करा:

- गो व्हेट या कोड न चालवता चुका शोधणाऱ्या टूलचा लॉस्टकॅन्सल इशारा आधी साफ करा. कॉन्टेक्स्ट (थांबण्याचा निरोप पोचवणारी वस्तू) बनवला आणि त्याचं कॅन्सल फंक्शन एखाद्या वाटेवर बोलावलंच नाही, तर व्हेट ते फुकटात दाखवतं.
- टेस्ट चालवताना काउंट फ्लॅग 1 ठेवा. नाहीतर गो टेस्ट जुना कॅश केलेला निकाल दाखवू शकतं आणि तुम्ही न चाललेल्या टेस्टवर विश्वास ठेवाल.
- टाइमआउट फ्लॅग कमी करा. तो दिला नाही तर 10 मिनिटांचा असतो. तो 60 सेकंदांवर आणलात तर टेस्ट अडकल्यावर सगळ्या गोरुटीन्सचे स्टॅक लवकर हातात पडतात.

## टप्पा 1: सुरू होण्याच्या सगळ्या जागा लिहून काढा

पॅकेजमध्ये गो हा कीवर्ड शोधा आणि प्रत्येक जागेसमोर तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. हे गोरुटीन थांबवणार कोण? ते थांबेपर्यंत वाट कोण बघणार? आणि पलीकडचा माणूस निघून गेला तर हे कुठे अडकेल?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सर्वात जास्त वेळा कोरं राहतं. कॉन्टेक्स्ट कॅन्सल केला म्हणजे गोरुटीन संपलं असं होत नाही. कॅन्सल हा फक्त निरोप आहे. तो पोचून गोरुटीन खरंच बाहेर पडलं की नाही, हे वेटग्रुप, एररग्रुप किंवा बंद होणारं डन चॅनल यांपैकी कशावर तरी थांबल्याशिवाय कळत नाही. वाट बघण्याची सोयच नसेल, तर टेस्टला स्लीप मारण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही. टेस्टमधलं स्लीप हे बहुतेक वेळा कोडमध्ये क्लोज किंवा वेट नसल्याचं लक्षण असतं, आणि ते तिथेच दुरुस्त करायचं असतं.

यादीत लपलेल्या जागाही धरा. एसक्यूएल पॅकेजचं ओपन बोलावलं की मागे एक गोरुटीन चालू होतं आणि ते डेटाबेस हँडल क्लोज केल्यावरच जातं. एचटीटीपी/1.1 वर क्लायंटचं प्रत्येक जिवंत कनेक्शन दोन गोरुटीन्स बाळगतं, एक वाचणारं आणि एक लिहिणारं. तुमच्या कोडमध्ये गो हा शब्द नसला तरी ही येतातच.

सावधान: कॉन्टेक्स्ट कॅन्सल केल्याने सॉकेटवरचा साधा रीड सुटत नाही. रीडवर बसलेल्या गोरुटीनला उठवायचं तर कनेक्शन क्लोज करा किंवा रीड डेडलाइन लावा.

## टप्पा 2: बाहेर पडण्याची प्रत्येक वाट वेगळी चालवा

पहिलादरसाठी वाटा अशा: पहिलं उत्तर आलं आणि बाकीचे मागे राहिले, कुणीच उत्तर दिलं नाही आणि वेळ संपली, बोलावणाऱ्यानेच मध्ये कॅन्सल केलं, एका सर्व्हरने एरर दिला, तिघांनीही एरर दिला. प्रत्येक वाटेसाठी वेगळी टेस्ट हवी. एका टेबलमध्ये सगळ्या कोंबायच्या असतील तर निदान प्रत्येकीला सबटेस्ट करा आणि लीकची तपासणी सबटेस्टच्या आत ठेवा.

खोटा सर्व्हर तुमच्या इशाऱ्यावर चालणारा असावा. वेळेवर चालणारा नको. दुसरा सर्व्हर 50 मिलिसेकंद उशिरा उत्तर देईल असं लिहिण्याऐवजी त्याला एका चॅनलवर अडवून ठेवा, पहिलादर परत आल्यावर ते चॅनल बंद करा, म्हणजे उशिराचं उत्तर नक्की उशिराच येईल. लीक घडवून आणणारा क्रम टेस्टच्या हातात असला पाहिजे.

पडताळणी: ते अडवणारं चॅनल टेस्ट फेल झाली तरी बंद होतं का? फेटल बोलावल्यावर खालच्या ओळी चालत नाहीत. ते बंद करणं क्लीनअपमध्ये (टेस्ट संपल्यावर नक्की चालणाऱ्या कामांत) नसेल तर एका फेल टेस्टमुळे पुढच्या सगळ्या टेस्टमध्ये खोटे लीक दिसतील.

## टप्पा 3: तपासणी बसवा, आणि क्रमाकडे नीट बघा

उबरने ओपन सोर्स केलेलं गोलीक पॅकेज या कामासाठी बहुतेक ठिकाणी वापरलं जातं. ते आकडा मोजत नाही. सगळ्या गोरुटीन्सचे स्टॅक वाचून, टेस्टच्या यंत्रणेची माहीत असलेली गोरुटीन्स वगळून, उरलेली नावानिशी दाखवतं. नुकतंच संपत आलेलं गोरुटीन दिसलं तर लगेच फेल न करता थोडं थोडं थांबून पुन्हा बघतं, त्यामुळे आपलं स्लीप लागत नाही.

सगळ्यात जास्त चुका या टप्प्यावर होतात, म्हणून इथे थोडं रेंगाळू.

पहिली चूक डिफर आणि क्लीनअपच्या क्रमाची. टेस्टच्या पहिल्या ओळीवर गोलीकचं व्हेरिफायनन हे तपासणीचं फंक्शन डिफर केलं आणि सर्व्हर बंद करणं टी.क्लीनअपमध्ये ठेवलं, की टेस्ट लाल होते. कारण डिफर टेस्ट फंक्शन संपताना चालतात आणि क्लीनअप त्यानंतर. म्हणजे तपासणी आधी होते, आवराआवर नंतर. मग लोक वैतागून सर्व्हरचं गोरुटीन वगळण्याच्या यादीत टाकतात आणि खरा लीकही त्याच यादीत दडतो. उपाय सोपा आहे. क्लीनअप उलट्या क्रमाने चालतात, शेवटी नोंदवलेलं आधी. म्हणून व्हेरिफायननलाही क्लीनअपमध्येच ठेवा आणि तो क्लीनअप टेस्टच्या अगदी पहिल्या ओळीवर नोंदवा. तो सगळ्यात शेवटी चालेल.

दुसरी चूक याच उपायातून जन्माला येते आणि जास्त घातक आहे. गोलीकमध्ये इग्नोअरकरंट नावाचा पर्याय आहे. तो बनवला जातो त्या क्षणी जिवंत असलेली गोरुटीन्स टिपून ठेवतो आणि नंतर ती वगळतो. डिफरच्या ओळीत तो थेट दिला तर ठीक, कारण डिफरचे आर्ग्युमेंट लगेच मोजले जातात. पण क्लीनअपला दिलेल्या फंक्शनच्या आत लिहिला, तर तो टेस्ट संपल्यावर बनतो, तुमचा लीक "आधीपासूनच होता" म्हणून टिपतो आणि वगळून टाकतो. ती टेस्ट कधीच फेल होणार नाही. इग्नोअरकरंट आधी एका व्हेरिएबलमध्ये घ्या, मग क्लीनअपमध्ये वापरा.

तिसरी चूक पॅरललची. टी.पॅरलल लावलेल्या (इतरांबरोबर एकाच वेळी चालणाऱ्या) टेस्टमध्ये व्हेरिफायननला शेजारच्या टेस्टची गोरुटीन्सही दिसतात आणि कोणतं कुणाचं हे त्याला कळत नाही. पॅरलल टेस्ट ठेवायच्याच असतील तर टेस्टमेनमध्ये (पॅकेजच्या सगळ्या टेस्ट चालवणाऱ्या फंक्शनमध्ये) व्हेरिफायटेस्टमेन वापरा. ते पूर्ण पॅकेज संपल्यावर एकदाच बघतं. मात्र बाकीच्या टेस्ट पास झाल्या असतील तरच ते तपासतं, हे लक्षात असू द्या. लीक दिसला आणि टेस्ट कोणती ते कळेना, तर पॅकेजची टेस्ट बायनरी बनवून एकेक टेस्ट नावाने वेगळी चालवा.

गो 1.24 पासून टी.कॉन्टेक्स्ट मिळतो. तो क्लीनअप सुरू होण्याच्या जरा आधी कॅन्सल होतो. त्यामुळे वर्करला टी.कॉन्टेक्स्ट द्यायचा आणि क्लीनअपमध्ये फक्त वर्कर संपण्याची वाट बघायची, ही मांडणी फार स्वच्छ बसते.

## टप्पा 4: टेस्ट लाल होते हे डोळ्यांनी बघा

कोड दुरुस्त करण्याआधी टेस्ट चालवा. पहिलादरचं चॅनल अजून बफर नसलेलं आहे, म्हणजे टेस्ट फेल झालीच पाहिजे, आणि फेलच्या मजकुरात पहिलादरच्या आतल्या गोरुटीनचं नाव आलंच पाहिजे. दुसऱ्याच कुणाचं नाव आलं तर तुम्ही वेगळीच गोष्ट पकडली आहे.

मग दुरुस्ती करा. इथे दोन उपाय आहेत. चॅनलला तीनचा बफर द्या, म्हणजे उशिरा येणाऱ्यालाही पाठवून निघून जाता येईल. किंवा पाठवताना सिलेक्ट वापरून कॉन्टेक्स्टच्या डनकडेही लक्ष ठेवा. माझं मत विचाराल तर दोन्ही करा, आणि फंक्शन परत जाताना कॅन्सलही डिफर करा. नुसत्या बफरने गोरुटीन शेवटी सुटतं खरं, पण नको असलेली विनंती सर्व्हरकडून पूर्ण होईपर्यंत चालूच राहते. आणि उद्या कुणी चौथा पुरवठादार जोडला आणि बफर वाढवायला विसरला, की टाइमआउटच्या वाटेवर लीक परत हजर.

पडताळणी: दुरुस्तीनंतर टेस्ट हिरवी झाली की दुरुस्ती एकदा मुद्दाम काढून बघा. परत लाल झाली तरच टेस्ट कमिट करा.

## टप्पा 5: जिथे जमेल तिथे खऱ्या घड्याळाला रजा द्या

दोन सेकंदांच्या टाइमआउटची टेस्ट दोन सेकंद घेते. अशा शंभर टेस्ट झाल्या की लोक टाइमआउट 10 मिलिसेकंदांवर आणतात आणि मग त्या कधी पास, कधी फेल अशा डळमळायला लागतात. गो 1.25 मध्ये सिंकटेस्ट पॅकेज स्थिर झालं. त्याच्या टेस्ट फंक्शनमध्ये तुमचा कोड एका बबलमध्ये चालतो. तिथलं घड्याळ खोटं असतं आणि सगळी गोरुटीन्स थांबली की ते थेट पुढच्या टायमरवर उडी मारतं. दोन सेकंद क्षणात सरतात.

लीकच्या दृष्टीने त्याचा मोठा फायदा असा की बबलमधली सगळी गोरुटीन्स संपल्याशिवाय टेस्ट परत येत नाही, आणि उरलेली कायमची अडकली असतील तर डेडलॉक सांगून पॅनिक करते. वेगळी तपासणी लावावीच लागत नाही.

सावधान: हे फक्त बबलमध्ये तयार झालेल्या चॅनल्सना, स्लीपला, वेटग्रुपला वगैरे लागू होतं. म्यूटेक्सवर (लॉकवर) किंवा खऱ्या नेटवर्कवर थांबलेलं गोरुटीन सिंकटेस्टच्या हिशेबात "पक्कं थांबलेलं" धरलं जात नाही. घड्याळ पुढे सरकत नाही आणि टेस्ट लटकते. पहिलादरच्या टेस्टमध्ये खरा एचटीटीपी सर्व्हर नको, दर आणणारं फंक्शनच बाहेरून द्या. बबलच्या आत सबटेस्ट आणि पॅरलल चालत नाहीत, हेही आधीच ध्यानात घ्या.

## टप्पा 6: डंप वाचायला शिका

टेस्ट लाल झाल्यावर बरेच जण पहिली ओळ बघून अंदाज बांधतात. डंप, म्हणजे गोरुटीन्सच्या स्टॅकची छापलेली यादी, असा दिसतो, नावं सोपी करून:

> गोरुटीन 41, स्थिती: चॅन सेंड, 7 मिनिटं
> दर.पहिलादर.फंक1, फाईल दर, ओळ 38
> क्रिएटेड बाय दर.पहिलादर, इन गोरुटीन 12, ओळ 34

तीन गोष्टी बघायच्या. स्थिती (खऱ्या डंपमध्ये ती चौकटी कंसात असते) काय अडलं ते सांगते. चॅन सेंड म्हणजे घेणारा गेला. चॅन रिसीव्ह म्हणजे पाठवणारा गेला किंवा चॅनल क्लोज करायचं राहिलं. निल चॅन असं दिसलं तर चॅनल बनवायचंच राहून गेलंय. आयओ वेट असेल तर सॉकेट बघा. दुसरी गोष्ट मिनिटं. ती फक्त एक मिनिटाहून जास्त थांबलेल्यांना दिसतात, म्हणून छोट्या टेस्टमध्ये नसतील, चालू सर्व्हिसच्या डंपमध्ये असतील. तिसरी आणि सगळ्यात उपयोगाची म्हणजे शेवटची ओळ, ते कुणी जन्माला घातलं. गो 1.21 पासून तिथे जन्मदात्या गोरुटीनचा क्रमांकही असतो. दुरुस्ती बहुतेक वेळा त्याच ओळीच्या आसपास असते.

स्टॅक हाताने काढत असाल तर रनटाइमच्या स्टॅक फंक्शनला मोठा बफर द्या. बफर भरला की ते मुकाट्याने तिथेच तोडतं, आणि नेमकं हवं ते गोरुटीन कापलं जातं.

## टप्पा 7: गोरुटीनबरोबर गेलेल्या वस्तू

एचटीटीपी: डंपमध्ये परसिस्टकॉनची (जिवंत ठेवलेल्या कनेक्शनची) रीडलूप आणि राइटलूप दिसली की ती सरळ वगळण्याची सवय मोडा. टेस्टमध्ये स्वतःचा ट्रान्सपोर्ट बनवा आणि शेवटी त्याचं क्लोजआयडलकनेक्शन्स बोलवा. ते फक्त रिकामी कनेक्शन्स बंद करतं. बॉडी क्लोज न केलेल्या रिस्पॉन्सचं कनेक्शन रिकामं नसतं, म्हणून ते तसंच उरतं आणि तपासणीत सापडतं. निरुपद्रवी उरलेली आणि खरा लीक यांची अशी आपोआप फारकत होते.

डेटाबेस: टेस्टमध्ये सेटमॅक्सओपनकॉन्स 1 वर ठेवा. आता एखाद्या वाटेवर क्वेरीच्या निकालाच्या ओळी (रोज, इंग्रजीतल्या रो चं अनेकवचन) क्लोज करायच्या राहिल्या किंवा ट्रान्झॅक्शन रोलबॅक झालं नाही, तर पुढची क्वेरी लगेच अडकेल. तिला एक-दोन सेकंदांचा कॉन्टेक्स्ट द्या म्हणजे ती स्पष्ट एरर देऊन मोकळी होईल. नेक्स्ट शेवटपर्यंत चालवलं तर त्या ओळी आपोआप बंद होतात, त्यामुळे हा लीक लूपमधून मध्येच बाहेर पडणाऱ्या वाटेवरच शोधा. शेवटी स्टॅट्समधला इनयूज शून्य आहे का तेही तपासा.

फाईल: लिनक्सवर प्रॉक-सेल्फ-एफडी ही डिरेक्टरी वाचून उघडे डिस्क्रिप्टर मोजता येतात. ती वाचतानाही एक डिस्क्रिप्टर उघडतो, तो आधी आणि नंतर दोन्हीकडे येतो. इथे एक सापळा आहे. गोमधली फाईल क्लोज करायची राहिली आणि तिच्याकडे कुणाचाच निर्देश उरला नाही, तर गार्बेज कलेक्टर तिला कधीतरी बंद करतो. म्हणून मोजण्याआधी जीसी चालवून "स्थिर" आकडा घेऊ नका. तुम्ही स्वतःच पुरावा पुसाल.

टिकर (ठरावीक अंतराने ठोका देणारा टायमर): गो 1.23 पासून कुणी न धरलेला टिकर स्टॉप न करताही गोळा होतो. पण त्या टिकरवर फिरणारं गोरुटीन टिकरला धरूनच असतं, त्याला यातून सूट नाही.

## टप्पा 8: सीआय आणि त्यानंतर

सीआयमध्ये लीकच्या टेस्ट रेस फ्लॅगसह (एकाच मेमरीवर एकाच वेळी होणारी गडबड शोधणारा), शफल ऑन ठेवून (टेस्टचा क्रम बदलणारा) आणि काउंट निदान 20 देऊन चालवा. सीपीयू फ्लॅगने 1 आणि 4 अशा दोन्ही संख्यांवर चालवल्या तर शेड्युलिंग बदलतं आणि दडलेले क्रम वर येतात. मात्र रेस डिटेक्टर एका वेळी 8128 पेक्षा जास्त जिवंत गोरुटीन्स सांभाळत नाही. हजारो गोरुटीन्स सोडणाऱ्या टेस्ट रेसशिवाय वेगळ्या चालवा.

गोलीक लावता येत नसेल, उदाहरणार्थ एखाद्या लायब्ररीची कायमची गोरुटीन्स फार असतील, तर मोजणीकडे वळा, पण शहाणपणाने. फंक्शन एकदा चालवून कॅश आणि पूल भरू द्या, मग आकडा घ्या, फंक्शन हजार वेळा चालवा, परत आकडा घ्या. फरक चार-पाचचा असेल तर तो गोंगाट. फरक हजार किंवा दोन हजारांच्या घरात गेला की लीक पक्का, आणि प्रत्येक फेरीला किती गोरुटीन्स अडकतात तेही कळतं.

वगळण्याच्या यादीतल्या प्रत्येक नावासमोर कारण लिहा. ओपनसेन्ससचा वर्कर किंवा ग्लॉगचा फ्लशडेमन अशी प्रोसेसबरोबर जगणारी गोरुटीन्स तिथे शोभतात. तुमच्या स्वतःच्या पॅकेजचं नाव तिथे दिसलं तर रिव्ह्यू तिथेच थांबवा.

टेस्टमधून सुटलेल्यासाठी चालू सर्व्हिसवर गोच्या पीप्रॉफ या प्रोफाइलिंग टूलचं गोरुटीन प्रोफाइल ठेवा, फक्त आतल्या नेटवर्कवर. डीबग 1 दिलं की सारख्या स्टॅकची गोरुटीन्स एकत्र मोजून मिळतात. तासाभराच्या अंतराने दोन प्रोफाइल घ्या आणि कोणता गट फक्त वाढतोय ते बघा. गो 1.26 मध्ये गोरुटीनलीक नावाचं प्रायोगिक प्रोफाइलही आलं आहे. बिल्ड करताना गोएक्सपेरिमेंटमध्ये गोरुटीनलीकप्रोफाइल चालू केलं, की ज्या चॅनलवर किंवा लॉकवर गोरुटीन अडकलंय तिथपर्यंत आता कुणीच पोचू शकत नाही, अशी गोरुटीन्स ते गार्बेज कलेक्टरच्या मदतीने वेगळी काढतं. ग्लोबल व्हेरिएबलमधून पोचता येणाऱ्या चॅनलवर अडकलेली मात्र त्याला दिसत नाहीत. तिथे सापडलेला प्रत्येक स्टॅक घेऊन टप्पा 2 वर परत या आणि त्या वाटेची लाल होणारी टेस्ट आधी लिहा, दुरुस्ती नंतर.